खंडेनवमीचा यूपीएस

माझं लग्न ठरवायला या घराला एक रविवार पुरला होता. सकाळी पोहे, दुपारी पत्रिका, संध्याकाळी होकार. यूपीएस ठरवायला मात्र गणपती गेले, पितरं जेवून गेली, घट बसायची वेळ आली, तरी ह्यांचं "जरा बघून सांगतो" चालूच होतं. मी काय, एका रविवारात पसंत केलेली बाई! मी काय बोलणार! पण बोलले. या घरात न बोलून मला काही मिळाल्याचं निदान मला तरी आठवत नाही.

यूपीएस म्हणजे काही विमान नव्हे. बॅटरीचा एक डबा असतो. तो भिंतीतल्या प्लगला लावायचा आणि त्याला कॉम्प्युटर लावायचा. लाईट गेली की डबा सांभाळून घेतो, कॉम्प्युटर बंद पडत नाही. बस्स, एवढंच. यात जरा बघून सांगण्यासारखं काय आहे, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मला तो कशाला हवा होता, ते आधी सांगते. मी लष्करातल्या एका शाळेत गणित शिकवायचे. पुण्याची माझी मावसबहीण अजून विचारते, "फौजेत कशी गं शिकवायचीस?" लष्कर हा आमच्या ग्वाल्हेरचा एक भाग आहे, बाई! तिथे आता फौज नाही, नुसता ट्रॅफिक आहे. तर ती शाळा बंद झाली आणि त्या जागेवर मॅरेज गार्डन झालं. जिथे मी लसावि शिकवला तिथे आता वराती नाचतात. मुलं दुसऱ्या शाळांत गेली, मी घरी आले. घरी आल्यावर कळलं की ज्या आवाजाने मागच्या बाकावरचा पोरगा ताठ बसायचा, तो आवाज आता "नळ आला, मोटर लावा" एवढंच ओरडायला उरला आहे. मला पुन्हा शिकवायचं होतं. दुसरं काही नको होतं. लोक म्हणायचे, हिला काय गरज, ह्यांची पेन्शन आहे की! पेन्शन ह्यांची आहे, गणित माझं आहे, हे कुणाकुणाला समजावत बसू?

मुलगा नोकरीला बेंगळुरूला गेला तेव्हा आपला डेस्कटॉप मागे ठेवून गेला होता. त्याच्यावर हे सकाळी राशिभविष्य वाचत. मुलानेच फोनवर सांगितलं, आई, परदेशातल्या मुलांना घरबसल्या गणित शिकवणारी एक कंपनी आहे, तू अर्ज कर. मी केला. त्यांनी एक नमुन्याचा तास घ्यायला सांगितलं. समोर पडद्यावर एक मूल, आणि कंपनीतली एक मुलगी गप्प बसून बघणार. आवडलं तर घेणार, नाही तर राम राम.

पहिल्या तासाला एक चुणचुणीत पोरगी आली. मी विचारलं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन किती? ती टुणकन म्हणाली, "टू बाय फाइव्ह!" वरच्यात वरचे मिळवले, खालच्यात खालचे. अहाहा! किती दिवसांनी इतकी सुंदर चूक ऐकली! मला इतका आनंद झाला की विचारू नका. मी पडद्यावर एक लांबट वडी काढली, तिचे उभे दोन भाग केले, आता आडवे तीन करणार, तेवढ्यात लाईट गेली. पडदा काळा. काळ्या पडद्यात माझंच तोंड.

संध्याकाळी कंपनीतल्या मुलीचा फोन आला. फार गोड बोलली. "मॅम, पॉवर बॅकअप तो मस्ट है." आणखी एक संधी देते म्हणाली, पण तारीख एकच उरली होती, दसऱ्याची, सकाळी सात वाजता. ती हुकली तर मग नाही. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मला माझ्याहून जास्त त्या पोरीचीच काळजी लागली. कुठल्या तरी देशात ती दोन छेद पाच डोक्यात घेऊन हिंडत असणार, आणि तिला अडवायला कुणी नाही.

"यूपीएस कशाला? इन्व्हर्टर आहे की!" भाऊजी म्हणाले.

भाऊजी म्हणजे ह्यांचे थोरले बंधू. वरच्या मजल्यावर एकटे राहतात, आमच्या जाऊबाई गेल्यापासून जेवायला खाली येतात. आमच्या घरात थोरला दीर भावजयीला अहो-जाहो करतो, त्यामुळे ते माझा अपमानही मोठ्या आदराने करतात. जिन्याखालचा इन्व्हर्टर त्यांनी आणलेला. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालण्याचा मान त्यांचा. त्या इन्व्हर्टरबद्दल वावगा शब्द काढलेला त्यांना खपत नाही.

मी म्हटलं, "भाऊजी, लाईट गेल्यावर तुमचा इन्व्हर्टर सुरू होतो, पण मधे एक पिटकन झटका बसतो ना, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडतो. तो इंटरनेटचा डबाही बंद पडतो, आणि मग त्याचे दिवे चार-पाच मिनिटं नाचत बसतात."

"पंखा तर बंद पडत नाही," भाऊजी म्हणाले.

"पंख्याला गणित शिकवायचं नसतं."

हे हसले. मग भाऊजींकडे बघून हसायचे थांबले. मी पुढे म्हटलं, मला तेवढा झटका निभावून नेण्यापुरता छोटा यूपीएस पुरे, दुकानात सगळ्यात लहान असेल तो. नंतर इन्व्हर्टर आहेच. हे वाक्य मी त्या दिवशी म्हटलं, दुसऱ्या दिवशी म्हटलं, आणि पुढे रोज म्हणत राहिले. भिंतीला सांगितलं असतं तर निदान पालीने चुकचुक केली असती.

ह्यांनी अभ्यास सुरू केला. जन्मभर सरकारी खात्यात तीन कोटेशनं आल्याशिवाय टाचणी विकत न घेतलेला माणूस. व्हिडिओ बघायला लागले. दाढी करता करता बघायचे. व्हीए म्हणजे काय, वॉट म्हणजे काय, प्युअर साइन वेव्ह कशाला म्हणतात. जेवताना पोळीचा तुकडा हवेत वरखाली नेऊन मला ती वेव्ह दाखवली. मी म्हटलं, आमटीत बुडवा आता ती वेव्ह. एके दिवशी लाईट गेल्यावर आपल्याला काय काय चालू लागेल याचा हिशेब मांडून बसले. त्यात कॉम्प्युटर होता, टीव्ही होता, क्रिकेटचा सामना लांबला तर म्हणून आणखी अर्धा तास होता, मिक्सर होता. माझा तास कुठे होता? तो कॉम्प्युटरमध्ये धरला आहे म्हणाले.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, त्यापेक्षा लॅपटॉप घे ना!" पडदा मोठा असल्याशिवाय मला त्यावरचा अपूर्णांक आणि मुंगी यांतला फरक कळत नाही, हे त्या लेकराला कोण सांगणार? शिवाय घरात एक कॉम्प्युटर धडधाकट असताना दुसरा आणायचा म्हटलं असतं तर ह्यांनी पुन्हा पहिल्यापासून व्हिडिओ बघायला घेतले असते. मी म्हटलं, नको रे बाबा.

शेवटी पितृपक्ष संपला. त्यात खरेदी करायची नाही, म्हणून तेवढे दिवस अभ्यास आणखी पक्का करण्यात गेले होते. घट बसले आणि आम्ही तिघं टोपी बाजारात गेलो. टोपी बाजारात जाऊन टोपी घालून घेण्याचा विनोद ग्वाल्हेरच्या प्रत्येक मराठी घरात होतो. ह्यांनी तो जाताना एकदा केला आणि येताना एकदा.

दुकान भाऊजींच्या ओळखीचं. त्या दुकानदाराचे आजोबा फेट्यांचं कापड विकायचे आणि आमच्या घरात चार पिढ्या तिथूनच फेटे आले. आता नातू बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर विकतो. फेटे कुणी बांधत नाही आणि लाईट रोज जाते, पोरगं हुशारच म्हणायचं. त्याने स्टुलं पुढे केली, चहा सांगितला, भाऊजींना इकडे थोरल्यांना म्हणतात तसं "दाऊ" म्हणून खाली वाकला. मग आमचा जुना खेळ सुरू झाला.

आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी माणसांची एक अढळ श्रद्धा आहे. दुकानदारासमोर मराठीत बोललं की त्याला कळत नाही. इथे आमची पिढ्यान्‌पिढ्या हयात गेली. हे बाजारवाले आमच्या आज्यांना साड्या दाखवता दाखवता मराठी शिकले. दुधाच्या दातांपासून त्यांना मराठी कळतं. पण नाही! आम्ही हिंदीत भाव करणार आणि मसलत मराठीत करणार, तीही खणखणीत आवाजात, जणू काही मधे भिंत आहे.

"दादा, ते वरचं काळं मोठं दिसतंय ना, तेच घेऊ या," हे म्हणाले. "पण त्याच्याकडे बघू नकोस. बघितलं की हा किंमत वाढवेल."

"मी कुठे बघून राहिलोय?" भाऊजी त्याच्याकडेच बघत म्हणाले. "आधी छोटा विचार. मग मोठ्यावर ये. हा काय समजतोय!"

दुकानदार कॅल्क्युलेटर पुसत होता. त्याने तो बाजूला ठेवला, स्टूल घेतलं, वर चढला आणि ते काळं मोठं धूड दोन्ही हातांनी खाली उतरवलं. फडक्याने असं पुसलं की एखाद्याने नवरदेवाचं तोंड पुसावं. "दाऊ, आपके लायक तो यही है. छोटा तो मैं आपको दिखाऊँगा भी नहीं. आपके घराने में छोटी चीज़ गई है कभी?"

भाऊजींची छाती फुगली. ह्यांनी मला कोपराने ढोसलं, की बघ, माणूस पारखी आहे. मी दुकानदाराकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर कॅल्क्युलेटरवर नेली. मी मराठीतच म्हटलं, हळूच, "अहो, त्याला सगळं कळतंय." हे म्हणाले, "गप गं, काही नाही कळत." दुकानदार म्हणाला, "हाँ हाँ भाईसाहब, आराम से सोच लीजिए." आता याहून काय कळायला हवं होतं? पण दोघांना शंकासुद्धा आली नाही.

मी गप्प बसले. मोठा तर मोठा. दसरा आठवड्यावर आला होता आणि इथून रिकाम्या हाताने उठलो असतो तर हे पुढच्या दुकानात पुन्हा साइन वेव्हपासून सुरू झाले असते. नाकापेक्षा मोती जड, पण निदान मोती तरी आला.

घरी आणला, रात्रभर चार्जिंगला लावला. सकाळी ह्यांनी वायरी जोडल्या. कॉम्प्युटर लावला, पडदा लावला, टेबलाचा दिवा लावला, स्वतःच्या मोबाईलचा चार्जर लावला. इंटरनेटचा डबा राहिला. मी म्हटलं, अहो, हा डबा बंद पडला तर कॉम्प्युटर चालू राहून मी काय त्यात राशिभविष्य वाचू? तो मी माझ्या हाताने लावला. मग भाऊजींनी मेन स्विच खाली पाडला. पिटकन झटका बसला, पंखा फिरत राहिला, आणि पडदा तसाच लखलखीत! डब्याचे दिवेही जागच्या जागी. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इकडे दोघे भाऊ एकमेकांच्या पाठी थोपटत होते. "म्हणालो होतो ना, मोठाच घ्यायचा!" हे म्हणाले. कुणाला म्हणाले होते देव जाणे.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती लिहायला बसलेच नसते. मधे खंडेनवमी होती.

आमचे पूर्वज दख्खनेतून इथे फौजेबरोबर आले. त्यातल्या कुणाची तरी एक तलवार घरात आहे. वर्षभर ती भाऊजींच्या कपाटात असते आणि खंडेनवमीला खाली येते. पाटावर लाल कापड, त्यावर तलवार, तिला तेल, हळदीकुंकू, झेंडूचा हार. पण एकटी तलवार बरी दिसत नाही. म्हणून तिच्या शेजारी घरातली बाकीची शस्त्रं मांडतात. पक्कड, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर, माझी विळी, गेली काही वर्षं मिक्सरची भांडी. स्कूटरला दारातच हार. नियम असा की पूजा झालेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही. ती दसऱ्याला, पूजा हलवल्यावरच उचलायची. विळी सकाळीच पाटावर जाते, त्यामुळे आदल्या रात्रीच सगळी भाजी चिरून ठेवणं हा माझ्या शौर्याचा भाग.

मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. बाहेर दोघे भाऊ काहीतरी उचलत होते, "जरा तिकडून धर, जरा तिकडून धर" चाललं होतं. मला वाटलं, पाट सरकवताहेत. थोड्या वेळाने आवाज यायला लागला. टीं. मग थांबून पुन्हा टीं. मी हात पुसत बाहेर आले तर पाटावर तलवारीशेजारी माझा यूपीएस! कपाळाला कुंकू, अंगावर झेंडूचा हार, सगळ्या वायरी काढलेल्या. आणि भिंतीतून उपटल्यामुळे त्याला बिचाऱ्याला वाटत होतं की लाईट गेली, म्हणून तो कोकलत होता.

"अहो, त्याचं बटण तरी बंद करा! बॅटरी खाऊन टाकेल तो!"

"पूजा झाली आता," भाऊजी म्हणाले. "हात लावायचा नाही."

"पण आणलाच कशाला इथे?"

"नवीन यंत्र आहे. पहिल्या नवमीला देवासमोर नको?" आणि त्यांनी आरती सुरू केली. आरतीत तो मधे मधे टीं करत होता. हे टाळ्या वाजवता वाजवता त्याच्याशी ताल जुळवायला लागले. मी म्हणजे रागाने नुसती लाल! पण गॅसवर तवा तापत होता, नैवेद्याची घाई होती, आणि आरती चालू असताना कुणाचं बखोट धरता येत नाही. मला वाटलं, आरती झाली की ह्यांना बाजूला घेऊन बटण दाबायला लावीन. आरती झाली, तर शेजारचे प्रसादाला आले. शेजारणीने विचारलं, "भाभी, ये क्या बोल रहा है?" मी म्हटलं, "माझ्या नावाने रडतोय."

दुपारी जेवणं झाली आणि आवाज थांबला. "बघा, शांत झाला," भाऊजी म्हणाले आणि झोपायला वर गेले.

शांत कसला झाला! मेला. संध्याकाळी मी पुढे होऊन बटण दाबलं, दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझा तास. आत्ता चार्जिंगला लावला तर उजाडेपर्यंत भरेल. उद्या पूजा हलवल्यावर लावला तर तो देव्हाऱ्यात ठेवायच्याच लायकीचा. मी हार काढून बाजूला ठेवला आणि त्याला उचलायला वाकले.

"काय करून राहिल्या आहात?" भाऊजी जिन्यात उभे होते.

"चार्जिंगला लावतेय."

"उद्या लावा. आज शस्त्र हलवत नाहीत. आजोबांच्या वेळेपासून कुणी हलवलं नाही."

"उद्या सकाळी सातला माझा तास आहे."

"मग घ्या ना तास. इन्व्हर्टर आहे की! आणि लाईट जाईलच कशावरून? सणासुदीला वीजवाले सहसा..." ते वाक्य त्यांनाच पुरं करवेना. मग म्हणाले, "आणि नाहीच झालं तर नाही. अडलंय का काही आपलं?"

अडलंय का! तीन वर्षं मी घरात बसून मोटर लावा, मोटर बंद करा ओरडतेय, आणि अडलंय का! माझा तोल गेला. मी म्हटलं, "भाऊजी, शस्त्रांची पूजा कशासाठी करतात? दसऱ्याला मोहिमेवर निघायचं म्हणून ना? मग उद्या या घरातून मोहिमेवर कोण निघतंय? तुम्ही? हे? ही तलवार किती पिढ्या नुसतं तेल पिऊन कपाटात झोपते आहे! उद्या मी एकटी चाललेय, आणि माझंच शस्त्र तुम्ही काढून घेतलंत!"

हे दोघांच्या मधे उभे होते. "दादाचंही बरोबर आहे आणि हिचंही..." असं काहीतरी सुरू केलं. मी म्हटलं, "तुम्ही फक्त सरका." सरकले. त्या धुडाला मी कवटाळलं, कमरेत कळ आली, तरी तसंच आतल्या खोलीत नेलं आणि प्लग लावला. दिवा लुकलुकला. बाहेर येऊन बघते तर भाऊजी वर निघून गेलेले. रात्री जेवायला आले नाहीत. ताट घेऊन हे वर गेले आणि ताट घेऊन खाली आले. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. राग इतका होता की दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी मी अंघोळ करून, शाळेत नेसायचे ती निळी साडी नेसून बसले. कानांवर मोठे हेडफोन चढवले, दार लोटलं. कंपनीतली मुलगी पडद्याच्या कोपऱ्यात आली, "गुड मॉर्निंग मॅम" म्हणाली आणि गप्प झाली. मग एक मुलगा आला. गुबगुबीत, जांभया देणारा, गणित नावाच्या गोष्टीवर मनापासून रुसलेला. त्याने आधीच सांगून टाकलं, "आय एम बॅड ॲट फ्रॅक्शन्स."

मी म्हटलं, फारच छान, मग आपलं जमेल. एक छेद दोन अधिक एक छेद तीन किती? तो जांभई देत म्हणाला, दोन छेद पाच. मी म्हटलं, बरं, दोन छेद पाच म्हणजे अर्ध्याहून जास्त की कमी? विचार करून म्हणाला, कमी. म्हणजे, मी म्हटलं, तुझ्याकडे अर्धी वडी होती, मी तुला वर आणखी एक तुकडा दिला, आणि तुझ्याकडे अर्ध्याहूनही कमी उरली? माझ्या हातात काय आहे, जादू की चोरी?

त्याची जांभई अर्ध्यात थांबली. मी वडी काढली. उभे दोन भाग केले. तो म्हणाला, आता तीन करा. कसे करू, मी विचारलं. "आडवे!" तूच कर, मी म्हटलं. त्याने रेघा मारल्या, वाकड्या. एक रेघ पुसली, पुन्हा मारली. मग मोजायला लागला. सहा घरं. अर्धी म्हणजे तीन. तिसरा हिस्सा म्हणजे दोन. मधेच त्याचं चुकलं, मी बोलले नाही. बोलायचं नसतं, तिथेच थांबायचं असतं, दातांवर दात ठेवून. शाळेत सगळ्यात कठीण मला तेच जायचं. तो पडद्याच्या इतका जवळ आला की त्याचं नुसतं कपाळ दिसत होतं. पुन्हा मोजलं त्याने. आणि मग एकदम मागे झाला.

"ओह! अच्छा! फाइव्ह बाय सिक्स!"

हे "अच्छा!" ऐकायला मी तीन वर्षं तहानलेली होते. मग तो थांबेचना. मलाच गणितं घालायला लागला. एक छेद तीन अधिक एक छेद चार करा, म्हणाला. मी मुद्दाम म्हटलं, दोन छेद सात. तो खो खो हसला आणि मला वडी काढून समजावायला बसला. तास संपल्याचं कंपनीतल्या मुलीने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, अजून एकच. मुलगीही हसली. मुलगा गेल्यावर ती म्हणाली, "मॅम, मंडे से ले लेंगी आप? ये तो आप ही को माँग रहा है."

मी हेडफोन काढले आणि नुसती बसून राहिले. मग उठून दार उघडलं. दाराला चिकटून हे उभे होते. दाढी नाही, अंघोळ नाही, दसऱ्याच्या दिवशी! कपाळावर घाम. हातात विझलेली टॉर्च.

"घेतलं मला," मी म्हटलं. "सोमवारपासून."

ह्यांनी मोठा श्वास सोडला आणि भिंतीला टेकले.

"माझे तर प्राण कंठाशी आले होते," हे म्हणाले. "दोनदा लाईट गेली. पहिल्यांदा गेली तेव्हा दादा वरून धावत आला, तेव्हापासून जिन्याखाली इन्व्हर्टरपाशी उभा आहे. चहा नेऊन दिला, तर घेत नाहीये. तास संपल्याशिवाय हलत नाही म्हणतो."

मी वळून खोलीत बघितलं. पडद्यावर त्या पोराच्या वाकड्या रेघांची वडी अजून तशीच होती.

"लाईट गेली होती?" मी विचारलं. "कधी?"